भोपळ्याची गाठ

सातारा,
१२ फेब्रुवारी १९९५

ती. आजोबा आणि आजी यांना,
स. जय भीम, वि. वि.

मी इथे बरी आहे. वाचनालयातले काम हाताला बसू लागले आहे. मावशीच्या घरी जेवणाची आबाळ नाही. दारातून आत येणार नाही इतकी मी जाड झाल्याशिवाय ती मला सांगलीला पाठवेल असे दिसत नाही.

आता मुख्य गोष्ट. रागवायचे असेल तर पत्र शेवटपर्यंत वाचून मग रागवा.

सोमवारी सांगलीचे वर्तमानपत्र काठीला लावताना एक बातमी दिसली. तुमच्या घाटावरच्या पोहणाऱ्यांच्या जलबंधु मंडळाला पन्नास वर्षे होत आहेत आणि पाडव्याला मोठा सोहळा आहे. अध्यक्ष मानसिंगराव म्हणतात की हे मंडळ पहिल्या दिवसापासून सर्व सांगलीकरांचे आहे, आणि कृष्णेच्या पाण्याला जात नसते. पाण्याला नसते, हे मला मान्य आहे. मंडळाबद्दल मात्र आजीने मला वेगळे सांगितले होते. म्हणून दुपारच्या सुट्टीत मी मंडळाला पत्र लिहिले आणि लगेच पेटीत टाकले. तुम्हाला विचारले नाही, कारण तुम्ही नको म्हणाला असता.

पत्रात मी लिहिले ते असे. मंडळात नवा माणूस घ्यायचा, तर एखादा जुना सभासद त्याच्या पाठीवर स्वतःच्या हाताने वाळका भोपळा बांधतो, आणि दोघे बरोबरीने पलीकडच्या काठाला जातात. नव्याला पोहता येत असले तरी भोपळा बांधतातच. तो बुडू नये म्हणून नसतो, भाऊ झाला म्हणून असतो. गाठ बांधणारा थोरला भाऊ. पुढे लग्नाकार्याला आणि मयताला त्याने उभे राहायचे. १९६३ साली माझ्या आजोबांनी, म्हणजे नगरपालिकेचे पंपचालक धोंडिराम होवाळ यांनी, मंडळात यायची इच्छा कळवली. त्यांचे शाळेतले वर्गमित्र मधुकर आगाशे यांनी गाठ बांधायचा शब्द दिला. ठरलेल्या सकाळी आगाशे आलेच नाहीत, आणि घाटावरच्या बाकी सभासदांनी माझ्या आजोबांना नाही म्हटले. शेवटी मी विचारले आहे की ज्याने आयुष्यभर सांगलीला पाणी पाजले, तो सर्व सांगलीकरांत मोडतो की नाही.

हे शेवटचे वाक्य मला फार आवडले आहे. मावशीला वाचून दाखवले. ती म्हणाली, नोकरी कायम होईपर्यंत तरी असली वाक्ये करू नकोस.

माया आहे तशीच राहू द्यावी. राग आला तर तो आजीपाशी ठेवायला द्यावा, ती हरवून टाकते.

तुमची,
स्वप्ना


सांगलवाडी,
२० फेब्रुवारी १९९५

चि. स्वप्नास आजोबांचा जय भीम, आणि आजीचा गालावरनं हात.

पत्र पोचलं. मी बोलतो तसंच लिहितो. तू घरातली पहिली पदवीधर हायस हे आमाला ठाव हाय, म्हणून माझ्या कागदावर लाल रेघा मारू नको. आजीनं तुझं पत्र माझ्याकडनं दोनदा वाचून घेतलं. म्हणली, पोरीनं बरोबर लिहिलंय, फकस्त आजीनं सांगितलं हे लिहायचं न्हवतं.

तुझ्या पत्राचा परिणाम काल घरी येऊन गेला. मानसिंगराव स्कूटरवरनं आलते, मागनं आणि दोन जलबंधू. तिघांची पोटं बघून मला वाटलं, ही मंडळी एकदम पाण्यात उतरली तर सांगलवाडीत पूर यायचा. तुझ्या आजीनं मुद्दाम कप काठोकाठ भरून चहा दिला आणि दारात उभी राहिली. तिघांनी तळापतोर संपवला. मानसिंगराव बोलायला गोड हाय. त्रेसष्ट सालात तो चड्डीत हुता, त्याचा काय दोष म्हणा. म्हणला, काका, झालं ते वाईट झालं, पाडव्याला शाल, नारळ आणि मानद जलबंधू ही पदवी तुमाला द्यायची ठरलीय. मी इचारलं, मानद म्हंजे काय करायचं. म्हणला, काईच करायचं न्हाई, खुर्चीवर बसायचं. मी इचारलं, भोपळा कोण बांधणार. तर म्हणला, मानद सभासदाला भोपळा लागत न्हाई.

तवा मला उमगलं. गाठ कुणी बांधायची ह्यो पेच ह्यांनी शाल टाकून झाकलाय. मी म्हणलं, मानसिंगराव, ह्ये पाण्यात न उतरवता माणसाला ओला केल्यागत झालं. तो लय हसला. जाताना शाल कुठल्या रंगाची पायजे ते इचारून गेला.

तुझ्या पत्रात एक चूक झालीय. मला कुणीबी न्हाई म्हणलं न्हवतं. तवाचे अध्यक्ष म्हणले, धोंडिराम, आमची हरकत न्हाई, बांधणारा पुढं आला की झालं. मग सगळे नदीकडं बघत उभं राहिले, जशी काय नदी त्या दिवशीच नवीन आलती. मध्या आगाशेला ताप आलाय असा निरोप आला. मी भोपळा हातात धरून थांबलो, मग पायरीवर ठेवला आणि पोहत हिकडं सांगलवाडीला आलो. तवापासनं ह्याच काठानं पाण्यात उतरतो. माझी काय तक्रार न्हाई. आता ह्या गोष्टीवर परत कुणाला पत्र लिहू नको.

जेवत जा. आजोबांवर जीव असू दे, पण त्यांच्या वतीनं भांडण असू नये.

धोंडिराम होवाळ


सातारा,
२६ फेब्रुवारी १९९५

ती. आजोबांना,
स. जय भीम, वि. वि.

तुम्ही पत्र लिहू नको म्हणालात, पण ते अगदी शेवटी म्हणालात. तिथे पोचेपर्यंत माझे पत्र मनात लिहून झाले होते, म्हणून कागदावरही उतरवले. मंडळाला कालच गेले.

मानद हा शब्द वाचून मला रात्रभर झोप आली नाही. मावशी म्हणते मी घोरत होते, पण तिच्यावर विश्वास ठेवू नये. मी मंडळाला स्पष्ट कळवले आहे की माझे आजोबा शाल घेणार नाहीत. त्यांच्या पाठीवर भोपळा बांधला गेला पाहिजे, तो घाटावर, सगळ्यांच्या समोर, आणि तो मधुकर आगाशे यांनीच बांधला पाहिजे. शब्द त्यांनी दिला होता, तेव्हा दुसऱ्या कोणी बांधून तो फिटत नाही. समता ही हप्त्याने देण्याची वस्तू नाही, असेही एक वाक्य घातले आहे.

कोणीच नाही म्हणाले नाही, ही तुमची दुरुस्ती मला जास्त भयंकर वाटते. नाही म्हणणाऱ्याशी भांडता तरी येते. आणि हे आगाशे कसले मित्र? ताप आला म्हणे. भित्र्या माणसांना ताप बरा वेळेवर येतो.

आता तुम्ही फक्त खंबीर राहा. बाकीचे मी पाहते.

आशीर्वाद कमी पडू देऊ नयेत, सध्या जास्त लागत आहेत.

तुमची,
स्वप्ना


सांगलवाडी,
९ मार्च १९९५

चि. स्वप्नास जय भीम.

तू बाकीचं बघतेस म्हणालीस, ते बघून झालं असंल तर आता माझं ऐक. ह्यातलं तुझ्या आजीला काय ठाव न्हाई. तिला वाचता येत न्हाई म्हणून बिनधास्त लिहितोय. तू सुट्टीत आलीस की तोंड उघडू नको.

भोपळा पायरीवर ठेवून आलो, त्याला वरीस-दीड वरीस झालं असंल. एका सकाळी मी हिकडनं पोहत गेलो आणि मध्या तिकडनं आला. नदीच्या मधोमध आमची टकुरी समोरासमोर आली. आता पाण्यात माणूस तोंड फिरवून कुठं जाणार. तो म्हणला, आज धार जास्ती हाय. मी म्हणलं, व्हय. दुसऱ्या दिवशी परत तसंच. मग त्याची सवयच झाली. मधल्या पाण्यात जायचं, उताणं पडायचं, आभाळाकडं बघत गप्पा मारायच्या. त्याच्या लेकीचं लगीन, तुझ्या बापाची नोकरी, त्याच्या हळदीच्या पेढीवरची भांडणं, माझ्या पंपाची दुखणी, सगळं तितं बोलून झालंय. तू बी.ए. झालीस ते घरच्यांच्या नंतर पहिल्यांदा त्यालाच सांगितलं. म्हणला, पेढे कुठायत. मी म्हणलं, आणले हुते, इरघळले.

मग तो त्याच्या काठाला, मी माझ्या. मंडईत गाठ पडली तर मेथीची जुडी अशी निरखायचा, जशी काय ती वाचायला आणलीय. मीबी वांगी बघायचो.

तू म्हणशील ही कसली मैत्री. अर्धी हाय, मला कळतंय. पर तीस सालं माझी सकाळ ह्या अर्ध्यावर निघालीय. माझ्या वयाचं, माझ्याशी एकेरीत बोलणारं आता तेवढंच एक टाळकं उरलंय.

तुझं दुसरं पत्र मंडळाला पोचलं. मानसिंगराव ते घिऊन मध्याकडं गेला, म्हणला, बांधायचं तर तुमीच बांधायचं, सगळ्यांसमोर. त्या दिवसापासनं मध्या पाण्यात आलेला न्हाई. मी रोज मधी जातो, उताणा पडतो, अंग गार पडलं की माघारी येतो. त्या टायमाला ताप आलता. आता काय आलंय कुणास ठाव.

रागवत न्हाई. पर मला पुरं मिळवून देता देता माझं अर्धंबी गेलं, पोरी. आता मंडळाला एक ओळसुदिक लिहिणार न्हाई असं कळव, म्हंजे झोप लागंल.

जीव लावतेस, तेवढाच लाव. त्याला फाटे फोडू नको.

धोंडिराम होवाळ


सातारा,
१४ मार्च १९९५

श्री. मधुकरराव आगाशे यांना,
सा. न. वि. वि.

मी धोंडिराम होवाळ यांची नात. मंडळाला पत्र लिहिणार नाही असे मी आजोबांना आजच कळवले आहे. तुम्ही म्हणजे मंडळ नव्हे, असे धरून तुम्हाला लिहीत आहे. आजोबांना हे माहीत नाही. तुमच्यात गोष्टी न सांगण्याची पद्धत आहेच, तेव्हा हीही सांगू नये.

मी तुम्हाला एका पत्रात भित्रे म्हटले आहे. समोर न म्हणता मागे म्हटले, हे बरोबर नाही, म्हणून आता तुम्हालाच कळवते. ते लिहिले तेव्हा मला मधल्या पाण्यातले काही ठाऊक नव्हते. आता तुम्हाला काय म्हणावे ते कळत नाही.

माझे म्हणणे मी सोडलेले नाही. जो माणूस पाण्यात मित्र आहे तो पायरीवर का नसावा, हे मला कोणी समजावून देऊ शकलेले नाही. पण मागणी मी मागे घेते. तुम्हाला गाठ बांधायची नसेल तर बांधू नका. पाडव्याला येऊ नका. फक्त सकाळी पोहायला जा. आजोबा मधोमध थांबतात आणि वाट पाहून गारठून परत येतात. ते अडुसष्ट वर्षांचे आहेत. तुमची तत्त्वे, माझी तत्त्वे काहीही असोत, त्यांना सर्दी व्हायला नको.

आपला माझा काही लोभ अजून जमलेला नाही, म्हणून तो वाढवा असे लिहीत नाही. विचार व्हावा.

कु. स्वप्ना होवाळ


सांगली,
२१ मार्च १९९५

चि. स्वप्ना हिस गोदावरीकाकूंचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र यांच्या नावाचे होते, पण वाचले मी, कारण यांच्या डोळ्याला पट्टी आहे. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डॉक्टर दिवाळीनंतर करू म्हणत होते. मंडळाची माणसे येऊन भोपळ्याचे बोलून गेली आणि त्याच संध्याकाळी यांना एकाएकी काही दिसेनासे झाले. मला मात्र हे ताटातली मिरची बरोबर वेचून बाजूला ठेवताना दिसत होते. दुसऱ्या दिवशी मिरजेला जाऊन दवाखान्यात नाव घातले. आता दीड महिना डोळ्यात पाणी जायला नको अशी सक्त ताकीद आहे, आणि ती हे भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आपणहून सांगतात.

तुझे पत्र मी मोठ्याने वाचले. मधले पाणी आले तिथे हे खोकू लागले. मी म्हटले, खोकू नका, टाके तुटतील, मला सगळे ठाऊक आहे. कसे ठाऊक, म्हणून विचारतात. अगं, आमच्या गल्लीत नळाला पाणी येणार नाही हे आमच्या घराला आदल्या सकाळीच कळायचे. हे पोहून आले की पंचा वाळत टाकता टाकता म्हणायचे, आज पिंप भरून ठेव. नगरपालिकेचा माणूस सांगत यायच्या आत माझ्या घागरी, तपेली, बाळाचे न्हाणीतले घंगाळे, सगळे भरलेले. शेजारणी म्हणायच्या, आगाशांना दृष्टांत होतो. हळदीच्या पेढीवर पंपाच्या बातम्या कुठून येणार? मी काही इतकी भोळी नाही. माझी दोन बाळंतपणे आणि थोरलीचे लग्न पंपावरच्या त्या माणसाने भरून ठेवायला सांगितलेल्या पाण्यावर निभावले, आणि त्याला मी आजवर घोटभर चहा दिलेला नाही. हे मला तुझ्या पत्राआधीही टोचत होते. तुझ्या पत्राने जरा जास्त टोचले.

त्रेसष्ट साली ताप नव्हता. मामंजी उंबऱ्यात बसले होते, आणि यांना त्यांना ओलांडून जाववले नाही. मामंजींना जाऊन वीस वर्षे झाली. उंबऱ्यात आता कोणी बसलेले नाही हे यांना कोणी सांगितले नव्हते, म्हणून परवा मी सांगितले.

हे म्हणाले, पाण्यात जायचे नाही तर गाठ बांधून काय उपयोग. मी म्हटले, गाठ हाताने बांधतात, हाताला काही मोतीबिंदू झालेला नाही. काल माझी जुनी साडी घेऊन तिची दोरी वळत बसले होते. कशाला म्हणून मी विचारले नाही.

पुढचे मी बघते. तू आणखी पत्रे लिहू नकोस. लिहिलीस तर मला लिही.

माझ्यावर राग असेल तर तो भेटीत काढ, तोवर थोडा जिव्हाळाही बाजूला ठेव.

सौ. गोदावरी आगाशे


सांगलवाडी,
३ एप्रिल १९९५

चि. स्वप्नास आजोबांचा जय भीम, आणि आजीचा दोन्ही गालांवरनं हात.

पाडव्याला तू येऊ नको म्हणलं त्याचा तुला राग आलाय, मावशीनं कळवलं. तू आली असतीस तर माईक घेतला असतास. तसा हितं एक माणूस माईक सोडत न्हवताच.

आधी सांगतो, मी जाणार न्हवतो. आदल्या दिवशी गोदावरीबाई पूल ओलांडून आमच्या घरी आल्या. मला वाटलं मध्याचं काय तरी बरंवाईट झालं. त्या तुझ्या आजीकडं बघून म्हणल्या, पारूबाई, उद्या ह्यांना घाटावर पाठवा, मी माझ्या माणसाला आणते. पारू म्हणली, आणतो म्हणालात आणि परत ताप आला तर? त्या म्हणल्या, ताप आला तर तापासकट आणते. मग दोघी सैपाकघरात गेल्या आणि दिवेलागणीला बाहेर आल्या. मला कुणी काय इचारलंच न्हाई.

सकाळी घाटावर मांडव, खुर्च्या, स्पीकर. तबकात शाल हुतीच, तांबडी. मानसिंगराव बोलून बोलून घामाघूम झालता. शेवटी म्हणला, आगाशेकाकांच्या डोळ्यामुळं आज मी स्वतः धोंडिरामकाकांना गाठ बांधणार, आणि सदरा काढून फोटोवाल्याकडं तोंड करून पोट आत घिऊन उभा राहिला. तवर वरच्या पायरीवरनं गोदावरीबाई खाली आल्या. हाताला धरून मध्या. डोळ्याला ह्यो मोठा काळा चष्मा. मानसिंगरावानं पोट सोडलं.

मध्यानं भोपळा मागून घेतला. मी पाठ केली. दोरी साडीची, मऊ. पर त्याची गाठ तीनदा सुटली. मी म्हणलं, मध्या, भाऊ करतोयस का गाठोडं बांधतोयस. तो म्हणला, गप उभा रहा. मग कानाजवळ येऊन म्हणला, धोंड्या, तवा मला ताप न्हवता. मी म्हणलं, ठाव हाय. म्हणला, कवापासनं. मी म्हणलं, तवापासनंच. मग त्यानं गाठ एवढी आवळली की माझा दम कोंडला. ह्या वक्ताला नदीकडं कुणी बघत न्हवतं.

मग पेच आला. दोघांनी मिळून पलीकडच्या काठाला जायचं असतं, आणि मध्याला पाणी बंद. एक जण म्हणला होडीतनं जावा, दुसरा म्हणला होडी चालत न्हाई. मानसिंगराव म्हणला, आपण समजून चालू की गेले. मी गाठ सोडायला हात मागं नेला. तर मध्यानं माझा हात धरला. म्हणला, पलीकडं बरोबर जायचं एवढंच ठरलंय, भिजायचंच असं कुठं ठरलंय. आणि मला घिऊन पायऱ्या चढायला लागला.

पोरी, पाडव्याची सकाळ. आयर्विन पुलावर माणसं माळा, कळक, तांबे घिऊन चाललेली. त्यात मी अर्ध्या चड्डीत, पाठीला भोपळा, उघडाबंब, आणि माझ्या दंडाला धरून आगाशे, धोतर आणि काळा चष्मा. आष्ट्याची यष्टी थांबली. डायवर म्हणला, आजोबा, नदी खाली हाय. सगळी यष्टी हसली. पाण्यात आमी नुसती दोन टकुरी असायचो, कोण बघतंय. हितं सगळी सांगली बघत हुती. त्याच्या पेढीचा मालक सामनं आला, स्कूटर थांबवून म्हणला, मधुअण्णा, ह्ये कोण. मला वाटलं आता ह्यो मेथी हुडकणार. तर म्हणला, माझा धाकटा भाऊ. मी म्हणलं, मालक, मी ह्याच्यापेक्षा आठ महिन्यांनी थोरला हाय, मंडळाचा नियम तेवढा चुकीचा हाय.

पुलाच्या मधोमध आल्यावर मध्या थांबला. पाय त्याचे आपोआप माघारी वळाय लागले. तीस सालाची सवय. मी नुसता दंड ओढला. मग चालला.

घरी आलो. दोघींनी सगळं आधीच ठरवलेलं दिसलं, कारण पारूनं चार ताटं मांडलेली आणि गोदावरीबाई आमच्या आधी रिक्षातनं येऊन पुरण वाटत बसलेल्या. दोघींचं बोलणं जे चालू झालं ते थांबंना. आमाला दोघांना अंगणात खुर्च्या दिल्या. बसलो. मध्या माझ्याकडं बघंना, मी त्याच्याकडं. काय सुचंना. पाण्यात आमी नळासारखं बोलायचो, आणि हितं कोरड्यात दोन पावणे बसल्यागत. त्यानं इचारलं, घर कधी बांधलं. मी म्हणलं, बहात्तरला. मग परत गप. जेवण झालं, पान झालं, तरी तेच.

उद्या परत येतो म्हणून गेला, आणि खरंच कालबी आला, आज सकाळीबी आलता. आजबी तसंच झालं. उद्यासाठी काय बोलायचं त्याचा तो तिकडं इचार करतोय, मी हिकडं करतोय.

तुझ्यावर माया हाय, ती काय कुणाला इचारून करत न्हाई. जेव नीट.

धोंडिराम होवाळ